न सादळलेला पापड

वसई तालुक्याच्या हवेवर आमच्या शेजारच्या काकांइतका राग दुसऱ्या कुणी धरला नसेल. नव्वदच्या दशकात ते सोलापूरकडून बदली होऊन आले आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या मिठाला पाणी सुटले, काडेपेटी पेटेना, चपलांना बुरशी आली. ते सगळे त्यांनी सोसले. पण दमट हवेने काकूंचे सांधे असे आखडले की त्यांना कोरड्या हवेत, माहेरी धाडावे लागले. मग दरवर्षी तेच. आषाढ लागला की काकू सोलापूरला, आणि दसऱ्यापर्यंत काका स्वतःच्या हातचे पिठले खात एकटे.

हवा सगळीकडे सारखी नसते, याच तालुक्यात कुठेतरी काकूंना मानवेल अशी जागा असणारच, असे त्यांचे ठाम मत होते. ती शोधायला त्यांनी यंत्र निवडले ते भाजलेल्या उडदाच्या पापडाचे. रविवारी घट्ट झाकणाच्या डब्यात पापड भरून निघायचे, गावोगावी एकेक तळहातावर घ्यायचा आणि तो सादळेपर्यंत घड्याळाकडे बघत उभे राहायचे. मी सोबत असलो तर छत्री पापडावर धरायची, काका भिजले तरी चालतील. भुईगावच्या किनाऱ्यावर पापडाने बघता बघता मान टाकली. सांडोरच्या केळीच्या वाडीत तर त्याहून लवकर, तेव्हा काकांनी केळींकडे फार वाईट नजरेने पाहिले. एका कोळणीने हसत विचारले, "काका, पापड खायचा सोडून फिरवता कोनाला दाखवायला?"

"बायकोला परत आणायचंय," काका म्हणाले.

त्यानंतर ती हसली नाही. भेटली की आधी पापडाची चौकशी करायची.

शेवटी जागा सापडली ती वसईच्या बाजारात. पावसाने गाठले म्हणून आम्ही एका बेकरीशेजारच्या रिकाम्या खोलीत शिरलो. भिंतीपलीकडे भट्टी होती. काकांनी सवयीने डबा उघडला. आमचा चहा झाला, पाव खाऊन झाले, पाऊसही ओसरला, पण पापड ताठ तो ताठच. काकांनी भिंतीला हात लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

त्यांनी ती खोली भाड्याने घेतली आणि पुढच्या आषाढात काकू माहेरी गेल्या नाहीत. श्रावणात मी त्या खोलीवर जेवायला गेलो, तर त्या स्वतः उभ्याने पापड भाजत होत्या. काका आपला पापड तळहातावर घेऊन घड्याळ बघू लागले. काकू म्हणाल्या, "आता खा तो."

काकांनी खाल्ला. इतक्या वर्षांत त्यांना पापड खाताना मी पहिल्यांदाच पाहिले, आणि मला फार बरे वाटले. घरी आलो तेव्हा शेजारच्या दाराला कुलूप होते. आमच्या डब्यातला पापड नेहमीसारखा सादळलेला निघाला. मी तो तसाच खाल्ला.