नंबराला नाव

बाबा सांगलीहून येताना माझ्या नावाची पितळी पाटी करून घेऊन आले होते. इथे परदेशात, सँट्रीतलं आमचं घर भाड्याचं, दारावर नुसता नंबर. नंबरावरून माणूस कोण ते कसं कळणार, असं त्यांचं म्हणणं. परत जायच्या आत ती पाटी दाराला लागलेली त्यांना बघायची होती. भोक पाडायचं तर घरमालकाला विचारायला हवं. मी मेसेज केला, 'ग्रँड' एवढंच उत्तर आलं. इथे लोक कशालाही ग्रँड म्हणतात; म्हणजे हो की बघू, देव जाणे.

ऑफिसातही माझं तेच चाललं होतं. नव्या जागेत आम्हाला इंटरनेटचे पत्ते, म्हणजे नंबरच, तुकड्यातुकड्यांनी मिळाले, कुठे आठांचा तुकडा, कुठे सोळांचा. आमच्या नंबरावरून मेल गेली की समोरचा सर्व्हर उलटा विचारतो, या नंबराचं नाव काय? उत्तर मिळालं नाही की मेल परत. त्या उत्तरांसाठी लागणारे रिव्हर्स झोन, म्हणजे नंबरावरून नाव सांगणाऱ्या याद्या, मी तुकड्यागणिक केव्हाच बांधून ठेवले होते. पण नंबरांचा आख्खा ब्लॉक इंटरनेटची लाइन देणाऱ्या कंपनीचा. 'या नंबरांचं त्यांना विचारा' असं त्यांनी स्वतःच्या नोंदीत लिहिल्याशिवाय माझ्या झोनला विचारतंय कोण! तिथला माणूस फोनवर ग्रँड, ग्रँड म्हणायचा आणि करायचा काही नाही. मला अक्षरशः वीट आला होता.

अशाच एका संध्याकाळी बाबांनी पुन्हा पाटीचं काढलं आणि मी वैतागलो.

"बाबा, दार आपलं नाही. कितीदा सांगू?"

त्यांनी पाटी उचलून आत नेऊन ठेवली. मला वाईट वाटलं, पण समजूत काढायचंही त्राण नव्हतं.

त्यांच्या फ्लाइटच्या आदल्या दिवशी कंपनीतल्या त्या पठ्ठ्याने एकदाचं काम केलं. नंबर विचारला, नाव आलं. नाव विचारलं, तोच नंबर आला. दोन्हीकडून जुळलं तरच समोरचा विश्वास ठेवतो. खुशीत घरी आलो, म्हटलं आत्ताच मालकाला फोन लावतो. बाबा बॅग भरत होते. पाटी टॉवेलात गुंडाळून झाली होती.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "सांगलीच्या दाराला लावतो. ते तरी आपलं हाय."

परवा त्यांनी फोटो पाठवला. पाटी अगदी मधोमध लावलीय, चकचकीत पुसून. नाव तिकडे, माणूस इकडे. असं न जुळणारं काही आलं तर आमचा सर्व्हरसुद्धा घेत नाही. मी 'मस्त दिसतेय बाबा' एवढंच लिहून पाठवलं.