पिन मारण्याआधी

औरंगपुऱ्यातल्या त्या झेरॉक्सवाल्याकडं मी दहा वर्षं जातोय, पण त्याचं नाव कधी विचारलं नाही. कुणाचेही कागद आले की तो आधी ते काउंटरवर ओळीनं मांडतो आणि दोन बोटं पावलांसारखी त्यांच्यावरून चालवतो.

यंदा आम्ही नवराबायकोनं एजंटाशिवाय, स्वस्तातली तिकिटं आणि हॉटेलं हुडकत व्हिएतनामची सहल जुळवली. दोन महिने लॅपटॉपपुढं बसलो होतो. प्रिंट काढायला गेलो, तर त्याची बोटं दुसऱ्याच कागदावर थांबली.

"सर, विमान सोळाला रात्री उतरतंय. हॉटेल सतरापासून हाय. रातभर भाभींना घेऊन कुठं थांबणार?"

हिनं तिथंच मोबाईलवरून त्या रात्रीची खोली घेतली. त्यानं तिचाही प्रिंट काढून तो कागद मधे सरकवला. बोटं पुन्हा पहिल्यापासून निघाली, सावकाश, परतीच्या तिकिटापर्यंत. मागं गिऱ्हाइकं खोळंबली होती.

"तुम्ही जाऊन आलात का तिकडं?" हिनं विचारलं.

"नाय भाभी," स्टेपलर उचलत तो म्हणाला, "पण माणसं घरी परत आल्याबिगर मी पिन मारत नाय."