चार रिमोट आणि अकरा सूचना

निवृत्त झाल्यावर माणसाने एखादं वाद्य शिकावं असं म्हणतात. मी आपलं आपण वाजणारं वाद्यच विकत आणलं. पाच स्पीकर, सेटीखाली सरकवायचा एक अवजड ठोकळा आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारी एक काळी पेटी, म्हणजे होम थिएटर. कर्वेनगरातल्या आमच्या लहानशा फ्लॅटमध्ये ते आल्यावर माणसांनी बसायचं कुठे, हा प्रश्न बायकोने पहिल्याच दिवशी विचारला. त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

खरेदीचं कारण मी घरात जाहीर केलं होतं. बाबांना नीट ऐकू यावं! बाबा म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याऐंशी, शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त, आणि कानाचं यंत्र कपाटात ठेवून कसोटी सामने बघणारे. टीव्हीचा आवाज ते असा ठेवायचे की कितवी ओव्हर चालू आहे हे खाली स्कूटर लावणाऱ्यालाही कळायचं. मला त्याचा भयंकर वैताग यायचा. तेव्हा बाबांसाठी म्हणून जे आणलं ते बरंचसं माझ्या कानांसाठी होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. बाबांना मात्र ते कारण खरं वाटलं. ‘माझ्यासाठी कशाला एवढं,’ असं दोनदा म्हणाले आणि मग खोकं उघडायला स्वतःच कात्री घेऊन आले.

सगळं जोडून द्यायला कंपनीचा माणूस येणार होता. तो आलाही, पण दुपारी दीड वाजता. मी जाळीच्या दाराआडूनच विचारलं, ‘ही काय यायची वेळ आहे?’

‘काका, अर्ध्या तासाचं काम आहे फक्त.’

‘एक ते चार आम्ही विश्रांती घेतो. चारनंतर या.’

त्याने घाम पुसला आणि तो जिना उतरून गेला. संध्याकाळी कंपनीतून फोन आला की ग्राहकाने नकार दिला अशी नोंद झाली आहे, आता नव्याने विनंती करा आणि पंधरा दिवस थांबा. मी आणि विनंती? ‘यात काय आहे एवढं, मीच बसवतो,’ मी म्हणालो. बायको आत निघून गेली.

यात बरंच काही होतं. माहितीपुस्तिका नऊ भाषांत होती आणि त्यांत मराठी नव्हती, त्यामुळे पहिला दिवस निषेधाचं पत्र लिहिण्यात गेला. दुसऱ्या दिवशी वायरी. मागचा डावा स्पीकर फ्रीजवर गेला आणि मागचा उजवा देवघरावर, कारण वायर तिथवरच पुरत होती. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा एक परदेशी बाई देवघरातून ‘रिअर राइट’ असं म्हणाली. बायको तेव्हा नेमकी दिवा लावत होती. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, ‘घरघंटी घेतलीत वाटतं. दळण रोज असणार का?’

खरी गंमत रिमोटची होती. टीव्हीचा एक, केबलच्या डब्याचा एक, थिएटरचा एक आणि इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणाऱ्या काडीचा एक. चौघांनाही लाल बटण, आणि घरचा कारभारी आपणच अशी चौघांचीही समजूत. टीव्हीच्या रिमोटने आवाज वाढवला की टीव्ही आणि थिएटर दोघंही बोलायला लागायचे, पण एकाच वेळी नाही. बातम्या देणारी बाई प्रत्येक वाक्य दोनदा सांगायची. एरवी तिचं एकदा ऐकणंही जड जातं. थिएटर आधी लावलं तर चित्र नाही, केबलचा डबा आधी लावला तर आवाज नाही. एकदा तर मी रागारागाने एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत बसलो होतो. पडदा काळाच. थोड्या वेळाने बायको शाल पांघरून बाहेर आली आणि म्हणाली, ‘अहो, भर थंडीत एसी कशाला लावलाय?’

शेवटी एकदाचा क्रम सापडला. आणि क्रम सापडलेला पुणेकर जे करतो तेच मी केलं. सूचना लिहिल्या. रिमोटांवर एक ते चार आकडे चिकटवले, प्रत्येकाला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर रबरबँड लावला आणि टीव्हीशेजारच्या भिंतीवर ठळक अक्षरांतला कागद डिंकाने डकवला. एकूण अकरा कलमं. ‘क्रमांक एकचे लाल बटण एकदाच दाबावे. दोनदा दाबल्यास बंद होईल व तो दोष यंत्राचा नसेल.’ ‘आवाज केवळ क्रमांक तीनने वाढवावा.’ असं करत करत नववं कलम आलं, ‘सूचना स्पष्ट आहेत. शंका विचारू नयेत.’ आणि अकरावं, ‘तरीही शंका असल्यास सूचना पुन्हा वाचाव्यात.’ नववं लिहिताना मला विशेष मजा आली होती. बायकोच्या भिशीच्या मैत्रिणींनी त्या कागदाचे फोटो काढून नेले, तेव्हा तर मला आपण लेखकच व्हायला हवं होतं असं वाटलं.

बाबांनी चष्मा लावून तो कागद उभ्याने वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ‘छान लिहिलंयस,’ म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला ते कापडी पिशवी घेऊन निघाले. ‘वाचनालयात जातो. टीव्ही फार झाला आता.’ मग तो नेमच झाला. साडेअकराला जेवायला यायचे, बाराच्या ठोक्याला पुन्हा निघायचे, ते संध्याकाळी पाचला परत. लागोपाठ चार-पाच दिवस असं वाचन चालायचं, मग दोन-तीन दिवस घरात नुसतं बसणं, की पुन्हा चार-पाच दिवस वाचन. कसोटी सामनाही याच हिशोबाने चालतो आणि खेळाडूही साडेअकरालाच जेवतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही. उलट, आमच्या बाबांना या वयात वाचनाची गोडी लागली असं मी चार लोकांना कौतुकाने सांगत होतो. आणि स्वतः देवघराच्या बाजूने येणारे बॉम्बस्फोट ऐकत बसत होतो.

महिन्याभराने मला त्या काळ्या पेटीत एक नवीनच सोय सापडली. बाकीचा गोंगाट खाली ठेवून फक्त बोलणाऱ्या माणसाचा आवाज मोठा करता येत होता. कॉमेंट्री इतकी स्वच्छ ऐकू आली की मी उठलोच. हे खरोखर बाबांसाठी होतं. चप्पल पायात सरकवून मी तडक वाचनालय गाठलं आणि टेबलामागच्या बाईंना विचारलं, बाबा कुठे बसलेत?

‘आम्ही हजेरी घेत नाही,’ त्या म्हणाल्या. मग वर बघून, ओळख पटल्यावर, ‘पण महिनाभर तरी ते इथे आलेले नाहीत.’

चौऱ्याऐंशी वर्षांचा, कमी ऐकू येणारा माणूस महिनाभर रोज जातो कुठे? मी भराभर परत निघालो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी टेलर मास्तरांचं दुकान आहे. त्यांच्या अब्बांनी माझ्या शाळेच्या चड्ड्या शिवल्या होत्या. दुकानाच्या पायरीवर बाबांच्या चपला होत्या.

आत कापडांच्या गठ्ठ्यांमध्ये एक जुना, लहानसा टीव्ही ठेवलेला होता आणि समोरच्या बाकावर बाबा, मांडीवर पिशवी घेऊन. मास्तर मशीनवर पँट शिवत होते. गोलंदाज धावायला लागला की ते पाय थांबवायचे, कारण मशीनच्या आवाजात बाबांना ऐकू यायचं नाही. चेंडू पडून गेला की चार टाके पुढे. पुन्हा गोलंदाज धावायला लागला की मशीन बंद. एक अख्खी ओव्हर मी दारात उभा राहून हे बघितलं. त्या पँटला किती दिवस लागत असतील देव जाणे.

‘या साहेब,’ मास्तरांचं माझ्याकडे लक्ष गेलं. ‘काय, झाला का तुमचा टीव्ही दुरुस्त? काका रोज म्हणतात, पोराने टाकलाय दुरुस्तीला, येईल आजउद्या.’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत चोरी पकडल्यावर पोरं त्यांच्याकडे जसं बघत असतील, तसं.

‘नाही मास्तर,’ मी म्हणालो, ‘अजून नाही झाला.’

‘हल्लीच्या वस्तूंमध्ये दम नाही साहेब,’ असं म्हणून मास्तरांनी बाकावरचं कापड उचललं. बाबा थोडे सरकले. चहापानाची वेळ होईपर्यंत आम्ही दोघं तिथे सामना बघत बसलो. आपले दोन गडी बाद झाले, मला ते कोण होते हेही आठवत नाही.

घरी परतताना मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, ‘बाबा, टीव्ही लावता येत नव्हता तर मला विचारायचं ना.’

‘विचारायचं नाही असं लिहिलंयस ना तू,’ ते म्हणाले.

टोमणा मला लांबून ओळखू येतो. साठ वर्षं याच गावात काढली आहेत. हा टोमणा नव्हता. त्यांनी सूचना वाचली होती आणि पाळली होती, एवढंच ते मला सांगत होते. टोमणा असता तर मी काहीतरी परतवलं असतं. मला एकदम रडू आलं.

‘चुकलं बाबा,’ मी म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही. शेजारून एक टेम्पो चालला होता, ते त्याच्याकडे बघत रस्ता ओलांडायला थांबले होते. तेव्हा मी त्यांचा दंड धरला आणि भर रस्त्यात, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, ‘बाबा, माझं चुकलं!’

भाजी निवडणाऱ्या दोन बायका वळून बघायला लागल्या. बाबांनी माझा हात आपल्या हातात घेतला आणि टेम्पो जाईपर्यंत सोडला नाही.

‘ओरडतोस काय,’ ते म्हणाले. ‘आलं ऐकू.’