दोन्ही हातांचा कॅमेरा

दर्यापुरात कुंदनचं मोटार वाइंडिंगचं दुकान दिवसाढवळ्या बंद दिसलं की लोक शेजारच्या पानठेल्यावर एवढंच विचारतात, "आज कोनाच्या घरी निंघाला?" काय निघालं हे कोणी विचारत नाही. कुंदन सर्पमित्र आहे हे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे.

सर्पमित्र हा शब्द पेपरात छान दिसतो. प्रत्यक्षात पेट्रोल स्वतःचं, वेळ स्वतःची आणि जीवही स्वतःचाच. साप मोरीत असेपर्यंत घरातली सगळी माणसं "भाऊ, भाऊ" करतात. पिशवीचं तोंड बांधलं की त्याच भाऊला चहा विचारायचं विसरून आतून कडी लावून घेतात. एकोणीस वर्षं हे चाललंय. याचा कुंदनला कधी राग आला नाही. त्याच्या वाटचा राग त्याची बायको दीपमाला करते, आणि मनापासून करते.

दीपमाला फुलांच्या घरातली. माहेरी शेवंती आणि झेंडूचे वाफे, सासरी आली तेव्हा बस स्टँडजवळ टेबल टाकलं आणि हार करायला बसली. तिचा एक नेम होता. कुंदन साप धरायला गेला की हातातल्या हाराला गाठ मारायची नाही. साप पिशवीत गेला की तो फोन करायचा आणि एकच शब्द बोलायचा, "भरला." मग गाठ. तोवर गिऱ्हाईक कितीही तणतणो. एकदा तर नवरदेवाची घोडी अर्धा तास रस्त्यात ताटकळली, वरबापाने तोंडाचा पट्टा सोडला, पण बाई सुईदोरा धरून फोनकडे बघत राहिली. लोकांनी हसून घेतलं. तिला हसू येत नसे. अर्धा हार मांडीवर घेऊन बसलेली बाई काय विचार करत असते, हे हसणाऱ्यांना कुठून कळावं!

कुंदनला ही विद्या दिली नत्थुजींनी. नत्थुजींच्या उजव्या हाताला अंगठा नाही. त्यांच्या बैठकीत एक फ्रेम लावलेली आहे. तिच्यात तरणेताठे नत्थुजी नागाची शेपटी धरून कॅमेऱ्याकडे बघून हसतायत, आणि त्या फोटोत अंगठा आहे. घरमालक म्हणाला होता, "नत्थुजी, एक फोटू होऊ द्या." त्यांनी मान वर केली. पुढच्या क्षणी नागाने डाव साधला. तरी ती फ्रेम त्यांनी भिंतीवरून काढली नाही. कोणी विचारलं तर म्हणत, "फोटू मस्त आला न पन." दीपमालेला त्या घरात चहा गिळवत नसे.

म्हणून कुंदनने जेव्हा कॅमेरा घ्यायचं काढलं, तेव्हा तिने आपणही दुकानात येणार म्हणून सांगून टाकलं.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आदल्या वर्षी एका खेड्यात घोणस निघाली. आमच्याकडे तिला परड म्हणतात. लोकांनी अजगराचं पिल्लू समजून ती टोपल्याखाली झाकून ठेवली आणि एका हौशी माणसाने कौतुकाने टोपलं उचललं. कुंदन पोचला तेव्हा त्या माणसाला जीपमध्ये घालत होते. तो माणूस परत आला नाही. तेव्हापासून कुंदनच्या डोक्यात एक चार्ट होता. नाग, मण्यार, फुरसं आणि परड, चार विषारी सापांचे मोठे, स्वच्छ फोटो, प्रत्येक ग्रामपंचायतीत लावायला. इंटरनेटवरचे फोटो त्याने मोबाइलवर दाखवून पाहिले होते. लोक म्हणत, "हा तिकडचा व्हय. आपल्याकडचा असा नसते." म्हणून साप इथलाच हवा, आणि माती काळीच दिसायला हवी. त्याच्या फुटक्या मोबाइलमधून जे निघायचं त्यात साप कमी आणि धूर जास्त.

मे महिन्यात दोघं आधी अकोल्याला गेली. दुकानदाराने एक छोटा कॅमेरा काढला, काडेपेट्या तीन एकावर एक ठेवाव्यात एवढा. शर्टाच्या खिशात बसणारा. पण काय ओढायचा! रस्त्यापलीकडच्या पाटीवरचा बारीक फोन नंबर त्याने डोळ्यासमोर आणून ठेवला. "आन एका हातानं काम होते बघा," दुकानदार म्हणाला.

कुंदनने करून पाहिलं. डाव्या हाताने कॅमेरा खिशातून काढला, त्याच हाताने बटण दाबलं. दीपमाला कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या उजव्या हाताकडे बघत होती. तो हात अंगापासून लांब धरलेला होता आणि मूठ अर्धवट मिटलेली होती, शेपटी धरताना मिटते तशी. कुंदनला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता.

तिला नत्थुजींची फ्रेम आठवली. "अमरावतीचा बी पाहून घेऊ," ती म्हणाली आणि दुकानाबाहेर पडली.

अमरावतीच्या दुकानात दुसरा होता. मिररलेस म्हणतात तसला, त्या जातीतला सगळ्यात साधा, पण पहिल्यापेक्षा अंगाने दांडगा. पुढे लेन्स, गळ्यात अडकवायला पट्टा. तो उजव्या हाताने धरावा लागे आणि डावा तळहात लेन्सखाली द्यावा लागे, नाहीतर डुगडुगे. कुंदनने दीपमालेचाच फोटो काढला आणि मागच्या काचेवर पाहिला. तिच्या कानामागची बट वेगळी दिसत होती. नखात अडकलेला झेंडूचा पिवळा कण दिसत होता. कुंदनने तो फोटो दुकानदारालाही दाखवला.

दुकानदार सरळ माणूस होता. "एक सांगून ठेवतो भाऊ, हा लेन्स दूरचं ओढत नाही. त्याच्यासाठी वेगळा लेन्स येते, तो या कॅमेऱ्यापेक्षा महाग. याच्यानं काढाचं त जवळ जा लागते."

हे वाक्य दीपमालेने ऐकलं. नाही ऐकलं असं तिला पुढे कधी म्हणता आलं नाही. पण तिचं सगळं लक्ष त्या दोन गुंतलेल्या हातांवर होतं.

"तुले कोनता वाटते?" कुंदनने विचारलं. तो तिला फार क्वचित असं विचारी.

"हाच."

"कावून वं? अकोल्याचा त खिशात बसे. दूरूनही दिसे त्यात."

"हाच घ्या म्हनलं न."

तिने कारण सांगितलं नाही. कारण सोपं होतं. दोन्ही हात कॅमेऱ्याला लागले म्हणजे फोटोच्या वेळी साप हातात असू शकत नाही. तो आधी पिशवीत गेलेलाच असणार. तिच्या हिशेबात कुठे भोक दिसत नव्हतं, आणि परतीच्या बसमध्ये अमरावतीबाहेरचं वलगाव यायच्या आत ती कुंदनच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. कित्येक महिन्यांत तिला अशी झोप लागली नव्हती.

नत्थुजींनी कॅमेरा चार बोटांच्या हातात फिरवून पाहिला. "पहिले पिशवी, मंग फोटू. बरं केलं पोरी," ते म्हणाले. मग मागच्या छोट्या खिडकीला त्यांनी डोळा लावला आणि लगेच काढला. "याच्यात डोया लावला का बाकीचं काहीच दिसत नाही वाटते." कुंदन हसला. दीपमाला चहा गाळत होती. बोलणं तिथेच राहिलं.

पावसाळा लागला आणि फोन वाढले. कुंदन साप पिशवीत घालायचा, "भरला" म्हणून कळवायचा, मग गावापासून लांब नाल्याकाठी जाऊन पिशवी उघडायचा आणि साप जायच्या आत फोटो काढायचा. दीपमाला निर्धास्तपणे गाठी मारत होती. रात्रीच्या जेवणाआधी तो तिला फोटो दाखवी. जुलैत नाग मिळाला, फणा काढलेला, पण फोटोत करंगळीएवढा. ऑगस्टमधला मण्यार काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होता. सप्टेंबरात फुरसं आलं, आणि त्याच्या अंगावरचे खवले मोजता येत होते.

"मोठा करून काढला काय हा?" तिने विचारलं.

"मोठा कराचं यात कुठं हाये वं तेवढं," तो म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडला.

ती धुण्याकडे लक्ष देऊ लागली. इतकी वर्षं त्याच्या पँटच्या गुडघ्यांना माती असे. आता शर्टाच्या छातीवर आणि कोपरांवर काळ्या मातीचे डाग येत होते. माणूस पालथा पडल्याशिवाय तिथे माती लागत नाही. तिने तो शर्ट त्याच्यासमोर धरला. "दूर राहत जा."

"हो," कुंदन म्हणाला. मोटार उद्या देतो म्हणून गिऱ्हाइकाला सांगताना तो जसं हो म्हणे, तसंच. तिला भांडायचं होतं. पण कॅमेरा तिनेच पसंत केला होता, आणि काय म्हणून भांडावं हे तिला सापडेना.

नोव्हेंबरात सोयाबीनची गंजी हलवताना पंजाबरावांच्या शेतात परड निघाली. सकाळचे साडेदहा झाले असतील. दीपमालेच्या हातात शेवंतीचा हार होता. तिने दोरा थांबवला. वीस मिनिटांत फोन आला.

"भरला," कुंदन म्हणाला. आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच पुढे आणखी बोलला, "परड हाये. मोठी. चार्ट झाला आपला!"

त्याच्या आवाजात पोरासारखा आनंद होता. तिने गाठ मारली. मारतानाच तिला चुकल्यासारखं वाटलं. सोडावी की काय, असं मनात येऊन गेलं. पण गिऱ्हाईक समोर उभं होतं, तिने हार बांधून देऊन टाकला.

अर्ध्या तासाने पुन्हा कुंदनचा नंबर वाजला. आवाज पंजाबरावांचा होता.

त्यांनी नंतर अकोल्याच्या दवाखान्यात, बाकावर बसून, सगळं सांगितलं. मोठा धीराचा माणूस, पण हातातली टोपी पिळत होता. "नाल्यावर नेली पिशवी. सोडली. तिनं येटोळं केलं आन कुकरवानी फुसफुस लावली. मी पार बांधावर जाऊन उभा राह्यलो, भेवच लागे. कुंदनभाऊ पालथे पडले, डोया लावला त्या कॅमेऱ्याले. मी म्हनलं, भाऊ, मांगं सरका, ते सरकून राहिली तुमच्याइकडे. त म्हने, थांबा, डोया साफ येऊन राहिला. बस, तेवढंच."

परड डाव्या हाताला डसली होती. लेन्सखाली दिलेल्या हाताला. सगळ्यात पुढे तोच हात होता.

पंजाबरावांनी वेळ दवडला नव्हता. शेतातल्या गड्याला हाक मारून कुंदनला मोटारसायकलवर मधे बसवून दर्यापूर, तिथे पहिली इंजेक्शनं, तिथून अकोला. म्हणून जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. मूत्रपिंडं मात्र बसली होती, रक्त मशीनवर धुवावं लागत होतं. डावा हात कोपरापर्यंत काळानिळा सुजलेला. बोटं किती राहतील ते आठ दिवसांनी सांगू म्हणाले. मोटारीची बारीक तार गुंडाळायला दोन्ही हातांची दहा बोटं लागतात, हे डॉक्टरांना सांगून काय उपयोग होता?

पंजाबरावांनी कॅमेरा दुपट्ट्यात बांधून आणला होता. तो तिच्या मांडीवर ठेवून ते चहा आणायला गेले. दीपमालेने बटण दाबलं. त्या सकाळचे चौदा फोटो होते. पहिल्यात नाला, वाळलेलं गवत आणि मधे एक तपकिरी गोळा. ती एकेक पुढे सरकवत गेली. गोळा मोठा होत गेला, गवत कमी होत गेलं. बाराव्यात फक्त परड होती. चौदाव्यात तिचं तोंड आणि एक डोळा. उभी बारीक बाहुली. अंगावरचे साखळीसारखे डाग. एका खवल्याला चिकटलेला काळ्या मातीचा कण, तिच्या नखातल्या झेंडूइतका स्पष्ट.

असा फोटो कुंदनने आयुष्यात काढला नव्हता. हा भिंतीवर लागला असता तर तालुक्यातल्या कुठल्याही माणसाने परडीला अजगराचं पिल्लू म्हटलं नसतं. हे तिला चांगलं कळत होतं. त्या टोपलं उचलणाऱ्या माणसाची बायको तिच्याकडूनच कधीतरी हार घेऊन गेलेली होती. तरीही तिला नत्थुजींची बैठक दिसत होती, आणि आपल्या घराची रिकामी भिंत. तिने चौदाही फोटो एकेक करून पुसले. कॅमेरा दर वेळी विचारत होता, नक्की का? ती दर वेळी हो म्हणत गेली.

नवव्या दिवशी कुंदन नीट शुद्धीवर बोलला. तिने चमच्याने पाणी पाजलं. त्याने हाताचं विचारलं नाही, दुकानाचं विचारलं नाही.

"फोटू आला काय?"

नऊ दिवस तिने हे उत्तर तयार ठेवलं होतं. एवढं होऊनही हाती काही लागलं नाही, असं कळलं की माणूस नाद सोडेल, अशी तिची अटकळ होती.

"नाही आला," ती म्हणाली. "समदे हालले. एक बी साफ नाही."

 कुंदनने बँडेजमधल्या डाव्या हाताकडे पाहिलं. पांघरुणाखालून उजवा हात बाहेर काढला, मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"मंग आणखी एकडाव काढा लागन," तो शांतपणे म्हणाला. "तो अकोल्याचा लहानसा असन न अजून दुकानात? एका हातानं जमे तो."

दीपमालेच्या हातातला चमचा तसाच राहिला. ते दुकान दवाखान्याच्या मागच्याच रस्त्यावर होतं.