मामाचा मुरलेला चहा

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! भाचीचं जुळत आलेलं लग्न माझ्या हातनं मोडणार होतं. तेही कशापायी? चहापायी!

आमच्या शुभाला बघायला पाहुणे यायचे होते. अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना असलेले अण्णा, त्यांची बायको आणि मुलगा. बहीण पोह्यांच्या मागं होती. मी म्हटलं, "चहाचं माझ्याकडं लागलं!"

कारण मोबाइलवर नुकतंच ऐकलं होतं. चहात अँटिऑक्सिडंट असतात म्हणे. दूध घालायचं नाही. गरम पाण्यात पत्ती टाकून पाचेक मिनिटं झाकून ठेवायची, की सगळा गुण पाण्यात उतरतो.

पाच मिनिटांत एवढा गुण, तर दोन-तीन तासांत किती? मी सकाळीच पातेलं झाकून ठेवलं की! पत्तीही मूठ भरून. ऐनवेळी गरम केला आणि कप भरले.

अण्णांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, काय ही तृप्ती!

"घरात कुणाला बरं न्हाय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"छे! हे आम्ही सगळेच घेतो. आत साठलेलं सगळं साफ होतं."

"पोरगीबी?"

"तिला तर लागतंच!" मी ठोकून दिलं.

अण्णांच्या बायकोनं कप खाली ठेवला. "लई दिवसांपासनं?"

"लहानपणापासून! त्याशिवाय का अशी टवटवीत दिसते?"

आता सांगा, असं कोण बोलतं? नवरामुलगा शुभाकडं असा बघायला लागला, जशी काही ती आत्ताच सलाईन काढून आलीय!

"मामा, आजार काय हाय तेवढं सांगा," अण्णा गंभीर झाले. "लपवू नका."

शेवटी शुभाच उठली.

"आजार मामाला आहे. मोबाइलचा!"

मुलगा खो खो हसला. शुभानं आत जाऊन आलं-दूध घातलेला फक्कड चहा आणला, तेव्हा कुठं पाहुण्यांच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन. "पोरगी पसंत हाय!"

मी लगेच फुगलो. "आणि माझा चहा?"

"त्याचंच इचारायचं हुतं. तुमचं मन मोडू नये म्हनून तो मी खांद्यावरच्या टॉवेलात गपचूप जिरवला. धुऊन धुऊन बायको दमली, रंग काय निघंना! मामा, चहा ऱ्हाऊ द्या. आमच्या कारखान्यात रंगारी म्हनून येता का?"