डाव्या विंगेतला दत्तू

दत्तोपंत कायगावकरांच्या खिशात एक चिठ्ठी होती आणि तिच्यात मोजून चार वाक्यं होती. "भालचंद्र करमाडकर यांचं पाठांतर शून्य होतं. चौदा वर्षं ते रंगमंचावर जे बोलले, ते मी विंगेतून सांगितलं म्हणून बोलले. पुढं त्यांनी ते नाकारलं. मी त्यांचा प्रॉम्प्टर." संपलं. आयोजकांनी बोलायला दोन मिनिटं कबूल केली होती. एवढ्याला तेवढीही लागणार नव्हती.

भालचंद्र करमाडकर म्हणजे सिनेमातला हुकमी बाप. कधी बाप, कधी जज्ज, कधी ऑपरेशन करून बाहेर येणारा आणि चष्मा काढून मान हलवणारा डॉक्टर. गेल्या महिन्यात तो मुंबईत वारला आणि संभाजीनगरला एकदम साक्षात्कार झाला की अरे, हा तर आपला माणूस! लगेच उस्मानपुऱ्यातल्या एका सभागृहात श्रद्धांजली सभा ठरली, बाहेर फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर माजी नगरसेवक काकासाहेबांचा फोटो दाराएवढा आणि भालचंद्राचा पोस्टाच्या तिकिटाएवढा. दत्तोपंत त्याच्यासमोर उभे राहिले आणि नाकातून हवा सोडली.

"यातला मेला कोण, ते तरी लिहा रे," ते म्हणाले.

दत्तोपंतांच्या तोंडी तो कायम भाल्याच होता. ते स्वतः पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं कारकून. एकविसाव्या वर्षी नट व्हायला म्हणून एका नाटक मंडळीत गेले. दिग्दर्शकानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आवाज झकास आहे, दत्तू. पण तू स्टेजवर आलास की टपाल द्यायला आल्यागत वाटतं." झालं! विंगेत उभं केलं, ते चाळीस वर्षं उभेच राहिले. डावी विंग, बॅटरीला गुंडाळलेला रुमाल, वहीतल्या ओळीवर बोट, आणि खोकला येऊ नये म्हणून गालात खडीसाखर. राज्य नाट्य स्पर्धेत प्रॉम्प्टिंग ऐकू आलं की परीक्षक मार्क कापायचे. म्हणून दत्तोपंतांनी अशी कुजबूज कमावली होती, की नटाला ऐकू जावी आणि पहिल्या रांगेत नाही. चाळीस वर्षांत त्यांचा आवाज प्रेक्षकांत एकदाही गेला नाही. माणसाला कशाचा तरी गर्व असतो, दत्तोपंतांना ह्याचा होता.

आणि भाल्या? रूप होतं, आवाज होता, उंची होती. डोकं तेवढं मोकळं मैदान! दोन वाक्यं नीट म्हणायचा, तिसऱ्याला ठप्प. मग मान जराशी डावीकडं वळवायचा, डोळे मिटायचा आणि थांबायचा. लोक म्हणायचे, वा, काय पॉज आहे! पॉज कसला बोडक्याचा! तो दत्तोपंतांची वाट बघत असायचा.

एका नाटकात त्याला म्हाताऱ्या बापाचं स्वगत होतं. शेवटाला तो म्हणायचा, "दार लावलं, पण कडी नाही घातली." पुढचं वाक्य होतं, "कुणी यायचं राहिलं असेल." त्रेचाळीस प्रयोग झाले, पण त्रेचाळीस वेळा ते पुढचं वाक्य दत्तोपंतांनीच दिलं. त्याच स्वगतावर भाल्याला रौप्यपदक मिळालं, पेपरात फोटो आला, मुंबईचं बोलावणं आलं. सिनेमात काय, तुकड्यातुकड्यानं काम, एका वेळी एक वाक्य. तिथं भाल्याचं सोनं झालं.

अठरा वर्षांपूर्वी टीव्हीवर त्याची मुलाखत लागली. दत्तोपंत पाटावर ताट घेऊन बसले होते. भाल्या हसून म्हणाला, "प्रॉम्प्टर नावाचा प्राणी मला कधी लागलाच नाही."

"बंद करा तो टीव्ही," सुलेखाबाई, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या.

"राहू दे. ऐकू दे काय काय भुंकतोय ते."

त्या दिवशी ताट तसंच राहिलं. भाल्याचा फोन त्याआधी कधी आला नव्हता, त्यानंतरही आला नाही. पण दत्तोपंतांनी त्याचा एकूण एक सिनेमा पाहिला. प्रेमानं नव्हे हो, चुका काढायला.

सभेला स्टेजवरच्या खुर्च्या मान्यवरांनी भरून गेल्या, म्हणून सूत्रसंचालक हिमांशूनं दत्तोपंतांना विंगेत स्टूल दिलं. डाव्या विंगेत. शेजारी जास्तीचा माईक उभा होता, कुणीतरी चालूच सोडलेला. दत्तोपंतांनी सवयीनं गालात खडीसाखर धरली आणि भाषणं ऐकू लागले.

काकासाहेब म्हणाले, भालचंद्राला मुंबईच्या गाडीत मीच बसवलं. तेव्हा हा काकासाहेब चड्डीची नाडी दुसऱ्याकडून बांधून घेत होता! एक प्राचार्य म्हणाले, भालचंद्ररावांची स्मरणशक्ती म्हणजे एक चमत्कार. खडीसाखर दत्तोपंतांच्या घशात अडकता अडकता राहिली. म्हणतात ना, मेलेल्या म्हशीला मणभर दूध! उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि समोरची माणसं माना डोलावतायत. थांबा लेको, दत्तोपंत मनात म्हणाले, माझी पाळी येऊ द्या.

तेवढ्यात हिमांशू वाकून कानाशी आला. "काका, जरा अडचण झालीय. काकासाहेबांना बिडकीनला लग्नाला गाठायचंय. तुमची दोन मिनिटं आपण मौनात धरू या का? तुमच्यासारख्यांचं मौनच जास्त बोलतं."

"अस्सं," दत्तोपंत म्हणाले. याहून जास्त बोलले असते तर शिवीच गेली असती.

मग हिमांशूनं अंगावर शाल घेतली आणि जाहीर केलं, की करमाडकरांचं ते गाजलेलं स्वगत आता मी सादर करतो, ते संपलं की सगळ्यांनी उभं राहून मौन पाळावं. सुरुवात झाली. निम्मं स्वगत गाळलेलं, उरलेलं नाकातून! दत्तोपंत तिरस्कारानं बघत होते. पण वही नसताना त्यांचं बोट मांडीवर ओळीओळीनं सरकत होतं.

"दार लावलं, पण कडी नाही घातली," हिमांशू म्हणाला आणि मान खाली घालून थांबला. सभागृह उठून उभं राहिलं. एकदम शांत.

मौन आहे हे दत्तोपंतांना ठाऊक होतं. पण चाळीस वर्षं स्टेजवरच्या शांततेचा एकच अर्थ त्यांच्या अंगात मुरला होता, की नट अडकलाय. ओठ आपोआप हलले. "कुणी यायचं राहिलं असेल."

माईकनं ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं.

माना वळल्या. "कोण आहे रे ते येडं?" काकासाहेब एक डोळा उघडून पुटपुटले. माईकवाल्यानं धावत येऊन वायर उपटली. दत्तोपंतांचे कान तापले. जन्मात पहिल्यांदा त्यांचं प्रॉम्प्टिंग प्रेक्षकांना ऐकू गेलं होतं, तेही ह्या टोळक्यासमोर! धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

मौन चालूच होतं. पण स्टेजवरची पहिली खुर्ची सोडून एक बाई सरळ विंगेत चालत आल्या. भाल्याची बायको, मीनाक्षीबाई. दत्तोपंतांनी त्यांना फोटोतच पाहिलं होतं.

"आत्ता काय म्हणालात?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "परत म्हणा."

"कुणी यायचं राहिलं असेल," दत्तोपंत म्हणाले. "नाटकातलं आहे. चुकून गेलं तोंडून."

बाईंनी पडद्याची कड घट्ट धरली. "शेवटचे आठ महिने ह्यांना काही आठवत नव्हतं. मलासुद्धा ओळखत नव्हते. नुसतं म्हणायचे, कडी नाही घातली. आणि मान डावीकडं करून थांबायचे. आम्ही उठून कडी घालायचो, दाखवायचो, ही बघा घातली. तर रडायला लागायचे. डॉक्टर म्हणाले, मान आखडलीय. शेकून झालं, पलंग फिरवून झाला. तरी डावीकडंच बघत राहायचे. शेवटच्या दिवशीसुद्धा."

दत्तोपंत स्टुलावरून उठले.

"तुम्ही कोण?" बाईंनी विचारलं.

अठरा वर्षं ते ह्याच प्रश्नाची वाट बघत होते. उत्तर खिशात होतं. हात तिथपर्यंत गेला आणि चिठ्ठीवरच थांबला.

"नालायक," ते म्हणाले. "एवढं एक वाक्य पाठ केलं नाही गाढवानं." त्यांनी खिशातून रिकामा हात बाहेर काढला. "अहो वहिनी, फोन करायचा होता हो. नुसतं दत्तू म्हणायचं होतं. मी सांगितलं असतं ना पुढचं."