पुळ्यांची वाट

लोकांच्या तोंडाला लेप फासून तिनं पोट भरलं आणि शेवटी तिच्याच तोंडावर पुळ्या उठल्या. नाकावर, हनुवटीवर, कपाळभर, पिवळ्या, पू धरलेल्या. पार्लरच्या भिंतभर आरशात त्या दिवसभर दिसायच्या. तिला स्वतःचीच किळस यायची.

विडी-सिगरेटला कधी हात न लावलेल्या या बाईला फुप्फुसाचा कॅन्सर झाला होता. "चोरून ओढत असणार," म्हणणारेही भेटले. जिभेला हाड नसतंच. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासून त्यातला नेमका बिघाड शोधला आणि त्याच बिघाडाला अडवणारी रोजची एक गोळी दिली. "ती कातडीलाही थोडी छळते, पुळ्या येतील," ते म्हणाले. "मलम लावा, पण मनानं गोळी थांबवू नका."

गोळीनं खोकला थांबला. गिऱ्हाइकं मात्र खुर्चीत टेकता टेकता उठू लागली. गल्ल्यावर थोरल्या भावाची बायको बसायची. ती गोड आवाजात म्हणाली, "वन्सं, आता बरंच आहे की तुम्हाला! गोळी जरा बंद ठेवा ना." कालपर्यंत हीच खोकल्याला नाक मुरडत होती. शी!

आणि आमच्या शहाणीनं ते ऐकलं! चेहरा लख्ख झाला, गिऱ्हाइकं परतली, "काय लावता हो?" विचारू लागली. ती इतकी हुरळली की खोकला परतला तरी धुळीवर ढकलून मोकळी झाली. मग एका दुपारी कुणाच्या तरी भुवया कोरताना अशी ढास लागली की दोरा तुटला आणि श्वासासाठी तिला भिंत धरावी लागली.

गाठ वाढली होती. डॉक्टरांनी चांगलंच झापलं. "गोळी पुन्हा सुरू करू. लागू पडेल अशी आशा आहे, शब्द देत नाही."

आता तिला आपल्या गुळगुळीत गालांची शिसारी बसली. रोज सकाळी ती आरशाला नाक लावून चेहरा चाचपायची. पुळी आली म्हणजे गुण आलाच असं नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. पण वाट बघायला दुसरं होतं काय? "कसं तुळतुळीत आहे!" वहिनी म्हणायची, आणि ही पुन्हा आरशाकडे धावायची.

एका सकाळी खुर्चीतली बाई अंग चोरत म्हणाली, "ई! तुमच्या नाकावर काय आलंय ते?"

"कुठे?" तिच्या हातातला दोरा गळाला. बाई पर्स उचलून निघून गेली, तेही तिला कळलं नाही. ती आरशाला चिकटून ओरडत होती, "वहिनी, दिवा लावा! पू धरलाय का बघा, नीट बघून सांगा!"